तोंडाचा कर्करोग कसा घडतो आणि त्यावरील नवे उपचार कुठवर आले आहेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९४४ मध्ये, तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. हा आजार आपल्याकडे किती खोल रुजला आहे, हे ऐंशी वर्षांपूर्वीच कागदावर आले होते. तरीही २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे जे सुमारे ३ लाख ८९ हजार नवे रुग्ण आढळले, त्यांतले सुमारे १ लाख ४३ हजार एकट्या भारतातले होते. घरात कोणाला हे निदान झाले आहे, किंवा तोंडातल्या एखाद्या चट्ट्याने ज्यांची झोप उडाली आहे, अशांसाठी हे पान लिहिले आहे. बाह्यरुग्ण विभागात जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर पडतात, तेच येथे घेतले आहेत.

कर्करोग एकाएकी होतो का? महिन्याभरापूर्वी तर तोंडात काहीच नव्हते.

असे पुष्कळ रुग्ण सांगतात, आणि ते खोटे बोलत नसतात. महिन्याभरापूर्वी त्यांना दुखत नव्हते, इतकेच. तोंडाचे आतले अस्तर सतत झिजत असते आणि सतत नव्याने तयार होत असते. तळाच्या थरातल्या पेशी विभागतात, हळूहळू वर सरकतात, चपट्या होतात आणि गळून पडतात. पेशीने कधी विभागायचे, कधी थांबायचे आणि दुरुस्तीपलीकडचा बिघाड झाल्यास कधी मरायचे, हे ठरवणारी जनुके प्रत्येक पेशीत असतात. डीएनएला झालेली इजा दुरुस्त होण्याआधीच पेशी विभागली, तर ती चूक तिच्या सगळ्या वंशात उतरते. एका चुकीने कर्करोग होत नाही. अशा कित्येक चुका एकाच पेशीच्या वंशात साठाव्या लागतात, आणि त्याला बहुधा वर्षानुवर्षे लागतात.

सूक्ष्मदर्शकाखाली हा प्रवास टप्प्याटप्प्याने दिसतो. आधी अस्तर जाड होते. मग तळाच्या पेशींची शिस्त बिघडते, त्यांची केंद्रके मोठी आणि गडद दिसू लागतात, पेशी जेथे विभागू नयेत तेथे विभागताना आढळतात. या अवस्थेला डिस्प्लेसिया म्हणतात. अस्तराच्या तळाशी एक अतिशय पातळ पडदा असतो. बिघडलेल्या पेशी त्याच्या वरच्या बाजूला आहेत, तोवर त्या फैलावू शकत नाहीत. पडदा फोडून त्या खाली उतरल्या, की त्यांना रक्तवाहिन्यांचा आणि लसिकावाहिन्यांचा (लिम्फ वाहून नेणाऱ्या नलिकांचा) रस्ता मिळतो. म्हणूनच तपासणीसाठी आलेला तुकडा काचेवर पाहताना पॅथॉलॉजिस्टची नजर या पडद्यावर खिळलेली असते: तो अखंड आहे, की कुठे फुटला आहे?

मी विडी-सिगारेट ओढत नाही, फक्त तंबाखू मळून खातो. मग धोका कशाचा?

धूर नाही म्हणून धोका नाही, हा समज फार महागात पडलेला आहे. तंबाखूचे पान वाळवताना, मुरवताना आणि साठवताना त्यातल्या निकोटिनपासून आणि त्याच्या जातकुळीतल्या द्रव्यांपासून नायट्रोसामाइन्स नावाची संयुगे तयार होतात. त्यांपैकी एनएनएन आणि एनएनके ही दोन माणसात कर्करोग निर्माण करणारी म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने निश्चित केली आहेत. शरीरातली विकरे ही संयुगे बाहेर टाकण्यासाठी त्यांच्यावर प्रक्रिया करू लागतात, आणि त्या प्रक्रियेतच त्यांना असे रूप मिळते, की ती थेट डीएनएला जाऊन चिकटतात. म्हणजे शरीर स्वतःची सफाई करायला जाते आणि इजा तेथेच होते.

चुन्याचे काम वेगळे आहे. चुन्यामुळे तोंडातले मिश्रण अल्कधर्मी होते, त्यामुळे निकोटिन अस्तरातून झपाट्याने रक्तात उतरते. तंबाखू चुना लावून मळली की "लागते" ती यामुळे. तोच चुना अस्तराला भाजतो, भाजलेली जागा भरून काढण्यासाठी पेशी वेगाने विभागतात, आणि वेगाने विभागणाऱ्या पेशींत चुका पक्क्या होण्याची शक्यता वाढते.

तपासताना डॉक्टर विचारतात, "चिमूट कुठे ठेवता?" रुग्ण बोटाने ओठ खाली ओढून गाल आणि हिरडी यांच्यामधली खाच दाखवतो, आणि जखम पुष्कळदा त्या बोटाच्या टोकाशीच असते. पाश्चात्त्य देशांत तोंडाचा कर्करोग मुख्यतः जिभेवर व जिभेखाली आढळतो. आपल्याकडे तो गालाच्या आत आणि हिरडीवर अधिक आढळतो, कारण आपली चिमूट तासन्‌तास तेथे मुरत असते.

मशेरी हे तर दात घासण्याचे साधन आहे. तीही वाईट का?

मशेरी, म्हणजेच मिश्री, ही तंबाखूच आहे. तवा तापवून त्यावर तंबाखू काळसर होईपर्यंत भाजायची, हाताने चुरायची, डबीत भरून ठेवायची आणि सकाळी चूल पेटण्याआधी बोटाने हिरड्यांवर घासायची, ही सवय महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत आजीकडून सुनेकडे आली आहे. भाजल्याने तंबाखूतली मूळ द्रव्ये जात नाहीत. उलट जळण्यातून निर्माण होणारी, धुरात असतात तशी बेन्झोपायरीनसारखी संयुगे तिच्यात भर घालतात. ज्या बाईला कोणी तंबाखू खाणारी म्हणणार नाही, तीसुद्धा दिवसातून चार-पाच वेळा मशेरी लावत असते, आणि तंबाखूबद्दल विचारले तर मनापासून "नाही" म्हणते. म्हणून दवाखान्यात प्रश्न "व्यसन आहे का?" असा विचारू नये. "मशेरी लावता का, दिवसातून किती वेळा?" असे विचारावे. घरातल्यांनीही डॉक्टरांना हे आपणहून सांगावे.

तंबाखू नसलेली सुपारी किंवा सुगंधी मसाला चालतो का?

चालत नाही. सुपारी एकटीसुद्धा, तंबाखूशिवाय, माणसात कर्करोग निर्माण करते, असा निष्कर्ष वर उल्लेखिलेल्या जागतिक संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात काढला. सुपारीतले अरेकोलीन आणि तिच्यातले तांबे यांच्यामुळे अस्तराखालच्या तंतुपेशी गरजेपेक्षा जास्त कोलॅजेन, म्हणजे तंतूंचे प्रथिन, तयार करतात, आणि तयार झालेले कोलॅजेन मोडण्याची क्रिया मंदावते. मऊ, लवचीक असायला हवा तो गाल आतून चामड्यासारखा ताठ होत जातो. या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. सुरुवातीला तिखट झोंबते, मग आ करताना ओढ बसते, आणि पुढे पुढे घास लहान करावा लागतो. घरच्या घरी करता येईल अशी एक परीक्षा आहे: आपल्याच हाताची मधली तीन बोटे उभी धरून ती वरच्या व खालच्या पुढच्या दातांमध्ये सहज मावतात का, ते पाहावे. मावत नसतील तर दाखवायला जावे.

या आजाराचा सर्वांत चिकाटीचा अभ्यास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतविज्ञान गटाने केला. पदार्थविज्ञानासाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या संस्थेतली ही माणसे वर्षानुवर्षे खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन लोकांची तोंडे तपासत होती, आणि याची जाणीव आपल्यापैकी फार थोड्यांना आहे. केरळमधल्या एर्नाकुलम जिल्ह्यात त्यांनी सबम्युकस फायब्रोसिसच्या रुग्णांचा १७ वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा त्यांतल्या ७.६ टक्के रुग्णांना तोंडाचा कर्करोग झाला. एकदा ताठरलेले अस्तर पूर्ववत होत नाही. औषधांनी, व्यायामाने आणि प्रसंगी शस्त्रक्रियेने तोंड थोडेफार उघडते, पण कर्करोगाचा धोका उरतोच, म्हणून अशा रुग्णाने दर काही महिन्यांनी तपासणी करत राहावे.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी सुपारीची पुडी वेगळी आणि तंबाखूची पुडी वेगळी घेऊन दोन्ही तळहातावर एकत्र करता येतात, आणि कोवळ्या वयातली मुले ते करताना दिसतात. विशी-पंचविशीतल्या मुलाचे तोंड दोन बोटांइतकेही उघडत नाही, हे पाहणे फार क्लेशाचे असते.

पांढरा चट्टा म्हणजे कर्करोगच का?

नाही. घासून न जाणारा आणि दुसरे कोणतेही कारण न सापडणारा पांढरा चट्टा म्हणजे ल्युकोप्लेकिया; त्यातल्या बहुसंख्य चट्ट्यांचा कर्करोग होत नाही. लाल, मखमली दिसणारा किंवा लाल-पांढरा मिश्र चट्टा मात्र अधिक धोक्याचा असतो. दोन-तीन आठवड्यांत न भरणारे तोंड येणे, कारण नसताना हलणारा दात, मानेतली न दुखणारी गाठ, एका बाजूचा कान दुखणे, यांपैकी काहीही असेल तर वाट पाहू नये.

तोंड हा अवयव उघडून पाहता येतो, हे या आजारातले आपले सर्वांत मोठे बलस्थान आहे. त्याचा उपयोग होतो, हे तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या १३ पंचायतींमध्ये १९९६ पासून झालेल्या मोठ्या अभ्यासाने दाखवले. तेथे प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी उजेडात, नुसत्या डोळ्यांनी तोंडे तपासली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू या तपासणीमुळे ३४ टक्क्यांनी कमी झाले. त्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागले नव्हते.

जनुकांच्या अभ्यासातून या आजाराबद्दल नवे काय कळले?

भारतातल्या गाल व हिरडीच्या कर्करोगाची जनुकीय तपासणी पश्चिम बंगालमधल्या कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि खारघरचे टाटा स्मारक केंद्राचे संशोधन केंद्र यांनी मिळून केली आणि ११० रुग्णांच्या गाठींवरचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. टीपी५३, एफएटी१, कॅस्पेस-८, एचआरएएस आणि नॉच१ ही पूर्वीपासून माहीत असलेली जनुके तर त्यांत बिघडलेली सापडलीच, शिवाय यूएसपी९एक्स आणि एआरआयडी२ यांसारखी काही नवी जनुकेही समोर आली.

या यादीचा अर्थ समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण "रक्ताच्या कर्करोगावर रोज एक गोळी घेऊन माणसे वर्षानुवर्षे जगतात, मग याच्यावर तशी गोळी का नाही?" हा प्रश्न त्याशिवाय सुटत नाही. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी जातात, त्यातून एक जोडजनुक तयार होते आणि त्याचे प्रथिन पेशीला अखंड विभागायला लावते. ते प्रथिन बंद पाडणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ मध्ये बाजारात आली आणि त्या आजाराचे रूपच पालटले. तोंडाच्या कर्करोगात मात्र बहुतेक बिघाड उलट जातीचा असतो. टीपी५३ हे पेशीला थांबवणारे जनुक आहे, कॅस्पेस-८ पेशीला मरायला लावणाऱ्या साखळीतले आहे. म्हणजे येथे घोडा उधळवणारा कोणी नवा आलेला नसतो, लगामच तुटलेला असतो. चालू असलेली गोष्ट औषधाने बंद करता येते. जी नाहीशी झाली आहे ती परत आणून बसवणे त्याहून कितीतरी अवघड आहे. म्हणून या आजारात एका गोळीची कथा अजून घडलेली नाही, आणि म्हणूनच संशोधनाचा ओघ रोगप्रतिकारशक्तीकडे वळला आहे.

हा आजार घरातल्या इतरांना लागतो का? मुलांना होईल का?

एकाच ताटात जेवल्याने, एकत्र राहिल्याने किंवा रुग्णाची सेवा केल्याने तो लागत नाही. फॅन्कोनी ॲनिमियासारखे काही दुर्मीळ आनुवंशिक आजार सोडले, तर तो सहसा वारशानेही येत नाही. एका घरात दोघांना झाला, तर बहुधा तंबाखूची डबी एक असते.

एचपीव्हीची लस घेतल्यास तोंडाचा कर्करोग टळेल का?

एचपीव्ही हा एक विषाणू आहे. त्याच्यापासून होणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी ती लस मोलाची आहे आणि मुलींना ती जरूर द्यावी; पुण्यात तयार होणाऱ्या देशी लसीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली आहे. घशाच्या, म्हणजे टॉन्सिल व जिभेच्या मुळाच्या कर्करोगात पाश्चात्त्य देशांत या विषाणूचा वाटा मोठा आहे. पण आपल्याकडे गाल-हिरडीचा जो कर्करोग होतो, त्याचे मूळ बहुतांशी तंबाखू आणि सुपारीत आहे. त्यामुळे लस घेतली म्हणून तंबाखू चालेल, असे होत नाही.

तुकडा काढला की कर्करोग पसरतो, असे गावात सांगतात. खरे आहे का?

खरे नाही, आणि या एका समजुतीपायी जितका वेळ वाया गेला आहे तितका क्वचितच कशाने गेला असेल. बायोप्सीत कडेचा लहानसा तुकडा काढून फॉर्मॅलिनच्या बाटलीत ठेवतात, त्याच्या अतिशय पातळ चकत्या करून रंगवतात आणि पाहतात. त्याशिवाय निदान होत नाही आणि उपचार ठरत नाही. समजूत कशी रुजली, ते उघड आहे: पुष्कळ लोक मुळातच उशिरा येतात, तुकडा काढल्यानंतर पुन्हा दोन-तीन महिने झाडपाला करण्यात घालवतात, आणि त्या काळात वाढलेल्या गाठीचे खापर तुकड्यावर फुटते.

गाठ गालात आहे, मानेत काही लागत नाही. तरी मानेचीही शस्त्रक्रिया का सांगतात?

या प्रश्नाचे उत्तर जगाला मुंबईने दिले आहे. तोंडाच्या कर्करोगाच्या पेशी सर्वांत आधी मानेतल्या लसिकाग्रंथींत (लिम्फ नोड्समध्ये) जातात. सुरुवातीच्या अवस्थेत, हाताला एकही गाठ लागत नसताना, या ग्रंथी आधीच काढाव्यात, की गाठ दिसल्यावर मग काढाव्यात, यावर शल्यविशारदांमध्ये कित्येक दशके वाद होता. दोन्ही बाजूंचे म्हणणे रास्त होते. आधीच काढल्या तर अनेकांच्या मानेवर विनाकारण शस्त्रक्रिया होते आणि खांदा आखडतो. थांबावे तर काहींची संधी हुकते.

टाटा स्मारक रुग्णालयात २००४ ते २०१४ या काळात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांची चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली. पहिल्या ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. मानेतल्या ग्रंथी सुरुवातीलाच काढलेल्या गटात तीन वर्षांनंतर ८० टक्के रुग्ण हयात होते, तर वाट पाहिलेल्या गटात ६७.५ टक्के. फरक इतका स्पष्ट होता, की देखरेख समितीच्या सल्ल्यावरून चाचणी मुदतीआधी थांबवण्यात आली. या हिशेबाने आठ रुग्णांची मान आधीच शस्त्रक्रिया करून साफ केली, तर एक जीव वाचतो. आज कोणत्याही शहरातला शल्यविशारद गालाच्या लहान गाठीसाठीही मानेला हात घालायचा म्हणतो, तेव्हा त्यामागे या ५०० माणसांनी दिलेले उत्तर असते. शस्त्रक्रियेत जबड्याचे हाड काढावे लागलेच, तर पायाचे, पोटरीतले बारीक हाड रक्तवाहिन्यांसह आणून त्याच्या जागी बसवता येते.

शस्त्रक्रियेनंतर शेक आणि केमो कशासाठी?

ग्रंथींत रोग सापडला, तो ग्रंथीच्या वेष्टणाबाहेर आला असेल किंवा कापलेल्या कडेपर्यंत पोहोचला असेल, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या उरलेल्या पेशींसाठी रेडिएशन, म्हणजे लोकांच्या बोलीतला शेक, दिला जातो, आणि त्याचा परिणाम वाढवण्यासाठी सोबत सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध. पण सिस्प्लॅटिन मूत्रपिंड आणि कान यांना सोसावे लागते. ज्यांना ते देता येत नाही, अशा डोके व मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांना शेकाबरोबर दर आठवड्याला डोसिटॅक्सेल या केमोच्या दुसऱ्या औषधाची छोटी मात्रा द्यावी का, हेही टाटा स्मारक केंद्रातच तपासले गेले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत दोन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ४१.७ टक्क्यांवरून ५०.८ टक्क्यांवर गेले. डोसिटॅक्सेल हे जुने, सहज मिळणारे औषध आहे, ही त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे.

इम्युनोथेरपी म्हणजे नेमके काय?

आपल्या रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, परक्या आणि बिघडलेल्या पेशींना ओळखून मारतात. त्यांचा मारा अनावर होऊ नये म्हणून त्यांच्या पृष्ठभागावर पीडी-१ नावाचे प्रथिन असते. समोरच्या पेशीने त्याला हात लावला, की टी-पेशी शांत होते. कर्करोगाच्या पेशी याच खुणेचा गैरफायदा घेतात. पीडी-१ चा शोध जपानमध्ये तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत लागला आणि त्यांना अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांच्यासह २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधे पीडी-१ ला झाकून टाकतात. ती कर्करोगाच्या पेशीला स्वतः मारत नाहीत. आपल्याच टी-पेशींना पुन्हा कामाला लावतात. त्यामुळे केस गळण्यासारखे त्रास कमी होतात, पण टी-पेशी फुप्फुस, आतडे, यकृत किंवा थायरॉईडवर उलटू शकतात, आणि म्हणून नवा खोकला किंवा जुलाब झाल्यास ते अंगावर काढू नयेत.

डोके व मानेच्या कर्करोगात सिस्प्लॅटिनसारख्या प्लॅटिनमच्या औषधानंतरही रोग उलटलेल्या रुग्णांवर निव्होलुमॅबची मोठी चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली: एका वर्षानंतर हयात असलेले रुग्ण ३६ टक्के, नेहमीच्या औषधांच्या गटात १६.६ टक्के. २०२५ मध्ये पुढचे पाऊल पडले. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर पेम्ब्रोलिझुमॅब दिल्यास रोग परतण्यापूर्वीचा मध्यक काळ (निम्म्या रुग्णांनी ओलांडलेला काळ) ३०.४ महिन्यांवरून ५१.८ महिन्यांवर गेला, आणि अमेरिकेत त्या पद्धतीला मान्यता मिळाली.

पण ही औषधे परवडत नाहीत. मग आमच्यासाठी संशोधनाचा उपयोग काय?

हा प्रश्न विचारताना नातेवाइकांचा आवाज खाली जातो. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. ज्या औषधासाठी शेत विकावे लागते, ते औषध बहुतेकांपुरते नसल्यासारखेच असते, आणि ही गोष्ट संशोधनाचा विषय व्हायलाच हवी. ती झालीही आहे.

निव्होलुमॅबची नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असते. परंतु पीडी-१ झाकण्यासाठी त्याहून फार कमी औषध पुरते, हे सुरुवातीच्या अभ्यासांतच दिसले होते. मग मात्रा कमी केली तर? टाटा स्मारक केंद्रातील डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी बरे होण्याच्या पलीकडे गेलेल्या डोके व मानेच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर हे तपासले. एका गटाला मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या तीन गोळ्या. दुसऱ्याला त्याच गोळ्या आणि दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब, म्हणजे एका वेळेच्या नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एका वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात १६.३ टक्के आणि दुसऱ्यात ४३.४ टक्के होते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. या चाचणीत कमी मात्रेची तुलना पूर्ण मात्रेशी केलेली नव्हती, त्यामुळे दोन्ही सारख्याच गुणकारी आहेत असे तिच्यावरून म्हणता येत नाही. ज्यांना पूर्ण मात्रा मिळणेच शक्य नव्हते, त्यांच्यासाठी मात्र ही कमी मात्रा निव्होलुमॅब अजिबात न मिळण्यापेक्षा खूप चांगली ठरली.

त्याआधी, २०२० मध्ये, याच संस्थेने ४२२ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या आणि दिवसातून दोनदा सेलेकॉक्सिबच्या गोळ्या घेणारे रुग्ण शिरेतून सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांपेक्षा थोडे अधिक जगले, मध्यक ७.५ महिने विरुद्ध ६.१ महिने. गंभीर दुष्परिणामही कमी झाले. दीड महिन्याचा फरक कागदावर लहान दिसतो. पण सलाईनसाठी बीडहून किंवा जळगावहून मुंबईच्या खेपा घालण्याऐवजी ते दिवस माणूस आपल्या घरी, आपल्या माणसांत काढतो, आणि हे टक्केवारीत मोजता येत नाही.

कार-टी पेशी उपचार मुंबईत सुरू झाला, असे वाचले. तो मिळेल का?

आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांच्यात सीडी१९ हे प्रथिन ओळखणारा ग्राहक बसवून त्या परत दिल्या जातात. सीडी१९ हे बी-पेशींवर, म्हणजे दुसऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींवर असते, म्हणून हा उपचार बी-पेशींच्या काही ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) व लिम्फोमांसाठी (लसिकाग्रंथींचा कर्करोग) आहे. तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींवर ते नसते. गाठींच्या कर्करोगांसाठी असे दुसरे लक्ष्य शोधणे कठीण आहे, कारण गाठीवर जे प्रथिन असते ते बहुधा निरोगी अवयवांवरही असते, आणि घट्ट गाठीच्या आत टी-पेशी नीट शिरत नाहीत. तोंडाच्या कर्करोगावर कार-टी देतो असे सांगून कोणी पैसे मागत असेल, तर ते देऊ नयेत.

चाचणीत नाव घाला, असे डॉक्टर म्हणाले. आमच्यावर प्रयोग करणार का?

वर सांगितलेला प्रत्येक आकडा तुमच्यासारख्याच कोणाच्या तरी होकारातून आलेला आहे. तरीही होकार समजून-उमजून द्यावा. माहितीपत्रक मराठीत मागण्याचा आपला हक्क आहे. ते घरी नेऊन वाचावे. चाचणीत नसतो तर कोणता उपचार मिळाला असता, जास्तीच्या तपासण्यांचा खर्च कोण करणार, इजा झाल्यास भरपाई कोण देणार आणि नैतिकता समितीचा संपर्क कोणता, हे विचारावे. भारतात २००९ पासून अशा चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवहीत नोंद सक्तीची आहे, तेव्हा नोंदणी क्रमांकही मागावा. कोणत्याही टप्प्यावर, कारण न सांगता, बाहेर पडता येते आणि त्याने नेहमीचे उपचार थांबत नाहीत.

आता निदान झालेच आहे. तंबाखू सोडून काय फरक पडणार?

पुष्कळ पडतो. १९५३ मध्ये डॅनली स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडातल्या गाठींच्या भोवतालचे वरवर निरोगी दिसणारे अस्तर तपासले, तेव्हा तेही बिघडलेले आढळले. वर्षानुवर्षे तंबाखूत भिजलेले सगळे तोंड ही एकच बिघडलेली जमीन असते. गाठ एका जागी उगवते आणि ती काढल्यावर दुसरी दुसरीकडे उगवू शकते. त्यातच तंबाखू चालू राहिली, तर शेकाचा परिणाम कमी होतो, जखमा भरायला वेळ लागतो आणि दुसऱ्या कर्करोगाची शक्यता वाढते. सोडताना पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप लागत नाही, हात आपोआप खिशाकडे जातो. निकोटिनच्या गोळ्या, च्युइंगगम आणि समुपदेशन यांची त्यासाठी मदत होते. तंबाखूच्या पुडीवर छापलेला १८००-११-२३५६ हा क्रमांक राष्ट्रीय मदतवाहिनीचा आहे, तो निःशुल्क आहे, आणि रुग्णाच्या वतीने घरातल्या कोणीही त्यावर बोलू शकते.